ग्रुप काढला म्हणजे ज्ञान वाटलं गेलं?

हिंजवडीपासून भोसरीपर्यंत एक समज पक्का आहे: कंपनीत चॅट ग्रुप किंवा विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची माहितीची वेबपानं) सुरू केली की माणसं आपोआप अनुभव वाटू लागतात. तसं होत नाही. ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ साचतात (आमच्याकडे तरी!).

झेरॉक्स कंपनीत १९८०च्या दशकात ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाला दिसलं, की कॉपियर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ मॅन्युअलपेक्षा एकमेकांच्या किश्श्यांतून जास्त शिकतात. पुढे तिथे ‘युरेका’ आलं, म्हणजे तंत्रज्ञांच्या दुरुस्तीच्या युक्त्यांचा संगणकावरचा सामायिक संग्रह. त्यात प्रत्येक युक्ती सहकारी तपासत आणि ती सुचवणाऱ्याचं नाव सोबत राही. माणसं लिहिती झाली ती त्या नावामुळे.

भोसरीतला जुना फिटर नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखतो. त्याला ‘ग्रुपवर टाइप करा’ म्हणून काय हाती लागणार? शेजारी बसा, व्हिडिओ काढा, खाली त्याचं नाव टाका.