एकाच वाणाचं सॉफ्टवेअर

2017 च्या हंगामात यवतमाळकडे बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघायची. अळी मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भात जिकडे पाहावं तिकडे बीटी. जवळपास प्रत्येक झाडात अळीसाठी तीच ती एक-दोन विषं. ती पचवणारी अळी तयार झाल्यावर तिला अडवेल असं शेजारच्या वावरातही काही नव्हतं. पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं. ते कडेनं लावलं, की तिथे विषाला न सरावलेल्या अळ्या वाढतात, त्यांच्या पतंगांचा सरावलेल्यांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. पुष्कळ वावरांत ते लागलंच नाही.

19 जुलै 2024 ला संगणकांवर अशीच वेळ आली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं विंडोजसाठी अपडेट पाठवलं. त्यातला नियम 21 वा रकाना तपासू पाहत होता, आणि प्रोग्राम पुरवत होता 20 च. सुमारे 85 लाख संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. लिनक्स आणि मॅक मात्र चालू राहिले, कारण ती फाईल त्यांच्यासाठी नव्हतीच.

म्हणून ज्यानं त्यानं आपापलं वेगळं चालवावं, तर तेही परवडत नाही. कृतिदेवमध्ये टाईप केलेला अर्ज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसायची. युनिकोड या जगभरच्या अक्षर-क्रमांकांच्या नियमानं ‘क’ला 0915 हा क्रमांक कायमचा दिला. आता तो अँड्रॉइडवर, आयफोनवर, सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकावरही ‘क’च राहतो. फॉन्ट कोणता आणि प्रोग्राम कोणाचा, यात युनिकोड पडत नाही, आणि मला त्याची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दोन यंत्रं जिथे एकमेकांशी बोलतात तिथे नियम एक हवा. यंत्राच्या पोटात काय असावं, ते ज्याच्या त्याच्यावर सोडावं.

2016 मध्ये आलेल्या यूपीआयचा गाभाही हाच: ॲपं कितीतरी, बँका शेकडो, आणि साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. मधली यंत्रणा मात्र एकच. एप्रिल 2025 मध्ये ती अडखळली, तेव्हा ॲप बदलूनही व्यवहार होईनात.

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः सातबाऱ्यावर पिकाची नोंद करणं, 2021 पासून मोबाईलवर आली. तिच्या नोंदीचा साचा खुला करावा आणि तो भरण्याचे मार्ग अनेकांना बनवू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. मग कोणी साध्या फोनवर बोलून नोंद घेईल, कोणी मेळघाटासारख्या नेटवर्क नसलेल्या भागासाठी वेगळी बांधणी करेल. प्रत्येक मार्ग स्वस्त, जुन्या फोनवरही तपासावा लागेल, खर्च वाढेल. पण पेरणीनंतरच्या मुदतीत एखादा मार्ग बंद पडला, तरी शेतकऱ्याची नोंद दुसऱ्या मार्गानं होईल.