थंडीत दुसरा गियर का अडतो?

जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. शहरातल्या लष्कर भागात रात्रभर उघड्यावर उभी असलेली जीप सकाळी सुरू होते, पण पहिल्यावरून दुसरा गियर टाकताना दांडा अडतो आणि खर्रकन आवाज येतो. शहराबाहेर तिघरा धरणाच्या रस्त्याला लागून थोडं अंतर कापलं की तीच गाडी सुतासारखी सरळ. अशा वेळी गियरबॉक्स खोलायची घाई करू नका.

गियर ऑइल खोबरेल तेलासारखं थिजत नाही, घट्ट होत जातं. नेहमीचं ८०डब्ल्यू-९० ऑइल १०० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या शंभर पट किंवा त्याहून जास्त दाट ते ५ अंशांना होतं. याचा पहिला फटका बसतो गियरचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगला. ही बहुधा पितळेची. नवी रिंग हातात घेऊन आतून नख फिरवा, आट्यांसारख्या बारीक धारा लागतात. गियर टाकला की रिंग गियरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, या धारा मधलं तेल कापून बाजूला सारतात आणि घर्षणानं दोघांचा वेग जुळतो. वेग जुळेपर्यंत रिंग दांड्याला पुढे जाऊ देत नाही. तेल दाट असलं की ते लवकर हटत नाही, रिंग घसरत राहते. तेवढ्यात आपण जोर केला, तर दातावर दात घासतो. झिजून धारा बोथट झालेल्या रिंगची खोड म्हणूनच आधी थंडीत दिसते.

पण दोष दर वेळी तेलाचाच असतो असं नाही. इंजिन बंद करून, क्लच दाबून सगळे गियर टाकून बघा. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता मोठी. मग क्लचच्या टाकीतलं ऑइल कमी झालंय का, लाइनीत हवा शिरलीय का, क्लचचा सिलिंडर गळतोय का, हे आधी तपासायचं. बंद गाडीतही दांडा जड असेल, तर दाट तेल किंवा सुकलेले सांधे आणि केबल.

इंजिन नुसतं तापवून फारसं काही साधत नाही, कारण बहुतेक जीपमध्ये गियरबॉक्सचं तेल वेगळं असतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अर्धा मिनिट थांबलात तर आतले शाफ्ट फिरून तेल थोडं ढवळलं जातं. खरं तापतं ते गाडी चालल्यावर. सुरुवातीला इंजिनाचा वेग कमी ठेवा, दांड्यावर हलका दाब देऊन क्षणभर थांबा, रिंगला तिचं काम करू द्या.

तेल बदलायचं झालं तर ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक ५ अंशांना साधारण निम्मंच दाट असतं. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो: ठरलेल्या दाटपणाची मर्यादा ८०डब्ल्यूनं उणे २६ अंशांना पाळायची असते, ७५डब्ल्यूनं उणे ४० ला. म्हणून हिमाचलातल्या स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हा बदल जरूर विचारात घ्यावा, गाडीच्या पुस्तकात त्याला मान्यता असेल तर. मात्र पुस्तकात जीएल-४ (हा गियर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल, तर डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांच्या धुऱ्यावरच्या गियरपेटीसाठी, आणलेलं जीएल-५ गियरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा पितळी रिंगला खाऊ शकते आणि तिची पकडही बिघडवते.

रिव्हर्सचं तंत्र निराळं, बऱ्याच जुन्या जीपमध्ये त्याला सिंक्रोच नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून आधी एखादा पुढचा गियर टाका म्हणजे शाफ्ट थांबतो, आणि क्लच न सोडता रिव्हर्स टाका.