भिंतीची सावली आणि झाडाची सावली

बियाण्याच्या पाकिटावर 'भरपूर ऊन' किंवा 'अर्धसावली' असे काहीतरी छापलेले असते, आणि पहिल्यांदाच भाजीपाला लावणारा माणूस तेवढ्या आधारावर आपल्या जमिनीच्या तुकड्याचे भवितव्य ठरवून मोकळा होतो. त्याच्या वाट्याला आलेल्या तुकड्याच्या एका कडेला उंच भिंत आणि दुसऱ्या कडेला मोठे झाड असेल, तर दोन्हीकडची सावली त्याला सारखीच वाटते. ऊन पोहोचत नाही ती सावली, एवढा साधा हिशेब तो करतो. भाजीच्या रोपाचा हिशेब मात्र निराळा असतो. भिंतीच्या सावलीत त्याला प्रकाश कमी मिळतो. झाडाच्या सावलीत प्रकाश तर कमी मिळतोच, शिवाय त्या प्रकाशाची जातही बदललेली असते, आणि हा बदल ओळखून रोप आपल्या वाढीची सगळी आखणी नव्याने करते. नवशिक्याच्या अर्धसावलीतल्या वाफ्यात जे काही बिघडते, त्यातले बरेचसे या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडते.

आधी प्रमाणाचा प्रश्न निकालात काढू. प्रकाश किती आहे हे ठरवण्याच्या कामी आपले डोळे फारसे विश्वासार्ह नाहीत, कारण उजेड कमी झाला की डोळ्यातील बाहुली मोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनक्षमता वाढते, आणि मेंदूला फरक जाणवेनासा होतो. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. त्याच वेळी इमारतीच्या सावलीत, डोक्यावर आकाश मोकळे असेल तर, साधारण १०,००० ते २०,००० लक्स असतो. म्हणजे आपल्याला 'छान उजेड आहे' असे वाटणाऱ्या जागी रोपाच्या ताटात दहा ते वीस टक्केच वाढलेले असते. लक्स हे माप मानवी डोळ्यासाठी बेतलेले असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातील प्रकाशकण मोजतात आणि त्यांची दिवसभराची बेरीज मोल या कणसंख्येच्या एककात सांगतात. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी मोकळ्या जमिनीवर दर चौरस मीटरला ४० ते ६० मोल प्रकाश पडतो. लेट्यूसचे १२ ते १७ मोलमध्ये चांगले भागते. टोमॅटोला निदान २० ते ३० मोल लागतात. 'सहा तास ऊन हवे' या सल्ल्यामागे हीच बेरीज दडलेली असते, फक्त ती तासांत सांगितल्यामुळे हिवाळ्यातले तिरपे ऊन आणि उन्हाळ्यातले माथ्यावरचे ऊन एकाच भावाने मोजले जाते.

पालेभाज्यांना कमी प्रकाश का पुरतो, याचे उत्तर शाळेत शिकलेल्या दोन क्रियांत आहे. प्रकाशसंश्लेषणातून पान साखर कमावते आणि श्वसनातून खर्च करते. ज्या प्रकाशात कमाई आणि खर्च बरोबर होतात, तो प्रकाश उन्हात वाढलेल्या पानांच्या बाबतीत भर उन्हाच्या एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि सावलीत वाढलेल्या पातळ, रुंद पानांच्या बाबतीत त्याहूनही कमी असतो. त्यामुळे अर्धसावलीत पाने जगतात आणि वाढतातही. पण फळ, शेंग किंवा कंद भरायला लागणारी शिल्लक उरत नाही. आपल्याला पानेच खायची असतील तर शिल्लक नसल्याने फारसे अडत नाही. पालक, लेट्यूस, कोथिंबीर आणि पुदिना अर्धसावलीत जमतात. टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी आणि भोपळे यांना उन्हातलीच जागा द्यावी. 'पालेभाजी म्हणजे सावली चालते' या सरधोपट नियमाला माठ मात्र अपवाद आहे. माठाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत मक्यासारखी, म्हणजे सी-४ प्रकारची असते, आणि कडक ऊन व उष्णता यांचा पुरेपूर उपयोग करून घेण्यासाठी ती घडलेली असल्याने सावलीत माठ रेंगाळतो.

आता प्रकाशाच्या जातीकडे वळू, कारण या विषयाची खरी गंमत तिथे आहे. पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधाशासारखा शोषून घेते. लाल रंगाच्या पलीकडे, ७०० नॅनोमीटर ओलांडल्यावर, हे शोषण अचानक थांबते, आणि ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्याला जेमतेम दिसणारा 'सुदूर लाल' प्रकाश पानातून आरपार जातो किंवा पानावरून परावर्तित होतो. उघड्या सूर्यप्रकाशात ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ७३० नॅनोमीटरचा सुदूर लाल यांचे गुणोत्तर १.२ च्या जवळपास असते. दाट पानोऱ्याखाली ते ०.१ पर्यंत उतरू शकते. भिंत मात्र सगळेच किरण सारखे अडवते, आणि तिच्या सावलीत जो उजेड येतो तो आकाशातून विखरून आलेला असल्याने तिथे हे गुणोत्तर फारसे खाली जात नाही. थोडक्यात, हे गुणोत्तर घसरणे ही शेजारी किंवा डोक्यावर दुसरी हिरवी वनस्पती असल्याची जवळजवळ खात्रीची खूण आहे.

ही खूण वाचणारे रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. त्याचा माग काढला तो अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात, आणि तोही लेट्यूसच्या बियांवरून. १९५२ मध्ये हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, तेव्हा त्या भरघोस उगवल्या. लालनंतर सुदूर लाल टाकला, तेव्हा उगवण दबली. पुन्हा लाल टाकला की पुन्हा उगवण. हा आलटून पालटून खेळ कितीही वेळा केला तरी निकाल लागत असे तो शेवटच्या प्रकाशावरून. एकच रंगद्रव्य दोन रूपांत ये-जा करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि १९५९ मध्ये ते रंगद्रव्य वनस्पतीच्या ऊतींत प्रत्यक्ष मोजता आले.

फायटोक्रोमचे एक रूप लाल प्रकाश शोषते आणि दुसऱ्या रूपात जाते. हे दुसरे रूप सुदूर लाल शोषून पहिल्या रूपात परतते. दोहोंपैकी दुसरे रूप कामाचे. ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि तिथल्या 'पिफ' नावाच्या प्रथिनांच्या गटाला नष्ट होण्याच्या मार्गाला लावते. पिफ प्रथिने खोड लांबवणाऱ्या जनुकांना चालना देतात, ऑक्झिन या संप्रेरकाची निर्मिती वाढवतात. त्यामुळे उन्हात, म्हणजे लाल प्रकाश मुबलक असताना, फायटोक्रोम त्यांना आवरून धरते आणि रोप ठेंगणे, भक्कम राहते. झाडाखाली सुदूर लाल प्रकाशाचा वरचष्मा झाला की फायटोक्रोमचे कामाचे रूप कमी होते, पिफ प्रथिने टिकून राहतात, ऑक्झिन वाढते, खोडातील पेशी लांबतात आणि दोन पानांमधली पेरे ताणली जातात. हे सारे साखरेच्या टंचाईमुळे घडत नाही. प्रकाश पुरेसा ठेवून त्यात फक्त सुदूर लाल मिसळला तरीही रोप उंच पळू लागते. आपल्या बहुतेक भाज्यांचे पूर्वज मोकळ्या रानात वाढणारे असल्याने, शेजाऱ्याच्या वर डोके काढणे हाच त्यांच्यासाठी जगण्याचा मार्ग होता, आणि या उंचीची किंमत ते पाने, मुळे व कंद यांच्या वाट्यातून चुकती करत. काटकुळा, कलंडणारा लेट्यूस आणि नुसता पाला होऊन खाली गड्डा न धरणारा मुळा यांच्या मुळाशी प्रकाशाच्या टंचाईइतकाच हा व्यवहारही असतो.

याहून चकित करणारा प्रयोग कार्लोस बालारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. धोतरा आणि मोहरी यांच्या रोपांच्या खोडांभोवती त्यांनी मोरचुदाच्या द्रावणाने भरलेली पारदर्शक कडी बसवली. हे निळे द्रावण सुदूर लाल प्रकाश गिळून टाकते. अशी रोपे इतर रोपांच्या गर्दीत ठेवली तरी त्यांची खोडे गर्दीला फारसा प्रतिसाद देईनात, आणि साधे पाणी भरलेली कडी असलेली रोपे मात्र लांबू लागली. शेजाऱ्याची प्रत्यक्ष सावली पडण्याच्या आधीच त्याच्या पानांवरून आडवा परावर्तित झालेला सुदूर लाल प्रकाश खोडाने टिपला होता.

नवशिक्याला याचा उपयोग वाफ्यात विरळणी करताना होतो. दाटीने उगवलेली कोवळी रोपे उपटायला हात धजावत नाही, आणि 'थोडी मोठी होऊ देत' असे म्हणून काम पुढे ढकलले जाते. पण पाने एकमेकांना टेकेपर्यंत थांबलो, तर लांबायचे हे रोपांनी केव्हाच ठरवलेले असते. अर्धसावलीत विरळणी पहिली खरी पाने दिसताच करावी, रोपांतले अंतर उन्हातल्यापेक्षा थोडे जास्त ठेवावे आणि तण लहान असतानाच काढावे, कारण तणाची हिरवी पानेही तोच संदेश पाठवतात. लेट्यूसचे बी मातीने जेमतेम झाकावे, ते झाडाच्या दाट सावलीत पेरू नये. एक वाफा भिंतीच्या कडेला आणि एक झाडाच्या कडेला असेल, तर पालेभाज्यांचा मान भिंतीच्या कडेचा. तिथेही फार अंधार असेल तर रोपे लांबतात, कारण निळ्या प्रकाशाची टंचाई जाणणारी क्रिप्टोक्रोम ही वेगळी यंत्रणा रोपाकडे असतेच. पण आकाश मोकळे असेल तर तिची तक्रार सौम्य राहते. झाडाखाली आणखी एक अडचण म्हणजे त्याची मुळे. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरही पसरतात, त्यामुळे तिथली जमीन सावलीत असूनही कोरडी पडते.

चंद्राच्या कला पाहून पेरणी करण्याचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो, आणि चंद्रप्रकाशाने रोपे जोर धरतात असे त्याचे कारणही सांगितले जाते. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो, म्हणजे भर उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका. सावलीतल्या रोपाची तूट त्यातून भरून निघण्याची शक्यता नाही. 'सावलीतही भरघोस उत्पन्न' असे वचन देणाऱ्या फवारणीच्या बाटल्यांचीही गत तीच, कारण कमी पडलेले प्रकाशकण कोणत्याही बाटलीत भरून मिळत नाहीत.

सावली कुठे आणि केव्हा पडते, हे मात्र स्वतःच पाहावे लागते. सूर्य क्षितिजापासून ६०° वर असताना २ मीटर उंचीच्या भिंतीची सावली सव्वा मीटरही भरत नाही. तो ३०° वर आला की ती साडेतीन मीटर होते आणि १५° वर असताना साडेसात मीटरच्या घरात जाते. उष्ण कटिबंधाबाहेर मध्यान्हीच्या सूर्याची उंची उन्हाळ्यातील आणि हिवाळ्यातील टोकाच्या दिवसांत ४७° इतकी बदलते, म्हणून उन्हाळ्यात उन्हाने न्हालेला वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत असू शकतो. काठ्या रोवून सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या सावलीची कड दर ऋतूत एकदा तरी आखून ठेवावी. निवड करता येत असेल तर सकाळचे ऊन घ्यावे. त्या वेळी हवा थंड आणि दमट असल्याने पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडी राहतात, आणि तेवढ्याच प्रकाशात पान दुपारच्या तुलनेत जास्त कमाई करते.

वाढ मंद दिसली की हात खताकडे जातो, आणि अर्धसावलीत नेमके तेच अपायकारक ठरते. मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचे प्रथिनांत रूपांतर करायला पानाला प्रकाशातून मिळणारी ऊर्जा लागते. ती कमी पडली की नायट्रेट पानांत साठत जाते. युरोपीय संघाने उघड्यावरच्या लेट्यूससाठी नायट्रेटची मर्यादा एप्रिल ते सप्टेंबरमधल्या काढणीला किलोमागे ३,००० मिलिग्रॅम आणि ऑक्टोबर ते मार्चमधल्या काढणीला ४,००० मिलिग्रॅम ठेवली आहे, ती कमी उजेडाचा हा परिणाम गृहीत धरूनच. अर्धसावलीतल्या वाफ्याला पेरणीपूर्वी मुरलेले कंपोस्ट द्यावे, युरियासारखे नत्राचे वरखत टाळावे, आणि पालक किंवा लेट्यूसची पाने पहाटे न खुडता दिवस कलताना खुडावीत. तोवर पानांनी रात्री साठवलेल्या नायट्रेटपैकी बराचसा भाग दिवसाच्या प्रकाशात वापरून टाकलेला असतो.