कार्टूनचे ओरिजिनल सेल: आधी कचरा, मग कलेक्शन

नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी सकाळी दूरदर्शनवर जे जंगल बुक लागायचं ते मुळात जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशननं 1989 मधे काढलेलं, 52 एपिसोडचं, आपल्याकडे हिंदी होऊन आलं एवढंच. मोगली पळतोय, बगीरा फांदीवरून उडी मारतोय, हे सगळं कोणीतरी बसून पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर हातानं रंगवलेलं. या शीट म्हणजे सेल. टीव्हीचं बजेट तुटपुंजं, म्हणून जपानी स्टुडिओ एकच चित्र दोन-दोन तीन-तीन फ्रेम धरून ठेवायचे, तरीपण अर्ध्या तासाच्या एपिसोडला साधारण 3 हजार सेल लागायचेच. 52 नं गुणा, आकडा दीड लाखाच्या घरात जातो, आणि हे फक्त एका सिरीयलचं. शूटिंग संपल्यावर असला ढीग ठेवायचा कुठे? बहुतेक स्टुडिओंचं उत्तर सरळ होतं, फेका.

सेलवर रंगवायची ही पद्धत तशी अमेरिकेतली, अर्ल हर्ड नावाच्या माणसानं 1914 मधे पेटंटसाठी अर्ज केला होता. बॅकग्राउंड एकदाच काढायचं आणि हलणारं पात्र तेवढं वेगळ्या शीटवर, म्हणजे दर फ्रेमला अख्खं जंगल परत काढायला नको. सुरुवातीच्या काळात तर सेल धुऊन परत वापरायचे, कारण शीट महाग आणि चित्राला किंमत शून्य! विकायचं पहिल्यांदा नीट जमवलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीनं, 1938 पासून डिस्नेच्या सिनेमांचे सेल फ्रेम करून. पुढे 1955 मधे डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथल्या दुकानात हेच सेल किरकोळ भावात पर्यटकांना मिळायचे, आज ऐकून जीव तळमळतो.

पण ते सिनेमाचं झालं. टीव्हीवर जपानमधे 1963 ला अ‍ॅस्ट्रो बॉय सुरू झालं, दर आठवड्याला नवा एपिसोड, आणि तिथून माल नुसता बदाबदा तयार व्हायला लागला. स्टुडिओला तो टाकून द्यायचासुद्धा खर्च, त्यामुळे मागायला आलेल्या फॅनला दिला काय किंवा कचऱ्यात गेला काय, त्यांना फरक पडत नव्हता. नंतर टोकियोत नाकानोला मांदाराके वगैरे दुकानांत हे सेल रीतसर विकायला लागले आणि मग सगळ्यांना अक्कल आली. म्हणजे आज जे काय शिल्लक आहे त्यातलं बरंचसं स्टुडिओनं जपलेलं नाहीये, पोरांनी उचलून घरी नेलं म्हणून राहिलंय.

आता "ऑफिशियल" म्हणून जे विकतात त्यात एक मेख आहे. अमेरिकन कंपन्यांनी ऐंशी-नव्वदीत खास कलेक्टरसाठी लिमिटेड एडिशन काढल्या, सर्टिफिकेट असतं, सही-शिक्का असतो, पण ती शीट कॅमेऱ्याखाली कधी गेलेलीच नसते. प्रॉडक्शन सेल ओळखायचा तर कडेला पेगची भोकं (शीट नेमकी जागेवर बसवायला पाडलेली) बघा, जपानी असेल तर कोपऱ्यात ए 12, बी 3 असं लिहिलेलं असतं, म्हणजे कुठला लेयर आणि कितवं चित्र. खाली पेन्सिल ड्रॉइंग असलं तर उत्तमच. मूळ बॅकग्राउंडसकट मिळाला तर नशीब, कारण एका बॅकग्राउंडवर कितीतरी सेल शूट व्हायचे, त्यामुळे ती मुळातच कमी.

आणि जपायचं म्हणाल तर खरा वैताग इथे आहे. सेल बहुतेक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, जुन्या फिल्मच्या रिळांचं तेच मटेरियल, आणि रोगही तोच. प्लास्टिक आतून सडायला लागतं, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, व्हिनेगरचा वास येतो, आणि ते अ‍ॅसिड सडणं अजून वाढवतं. त्यामुळे लोक प्रेमानं हवाबंद पाकिटात घालून ठेवतात तेच उलटं पडतं, वाफ आतच कोंडते. रंग शीटच्या मागच्या बाजूनं दिलेला असतो, तो खालच्या ड्रॉइंगला चिकटून बसतो, ओढलं की निघून येतो. काही सेलवरच्या मशीननं ट्रेस केलेल्या काळ्या रेघा हळूहळू उडतात, मग डोळे-नाक नसलेला हिरो भिंतीवर लावा. लॉस एंजेलिसची गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट 2009 पासून डिस्नेच्या आर्काइव्हबरोबर यावर काम करत आली, त्यात एक गंमत सापडली की सुटत चाललेला रंग हवेतला ओलावा नीट मोजून वाढवला तर परत चिकटू शकतो, वेगळा गोंद लागत नाही. पण म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवून हा प्रयोग घरी करू नका, तिथे ओलाव्याबरोबर उकाडा आणि बुरशी फुकट मिळते. गार, कोरडी, अंधारी जागा आणि थोडी हवा खेळती, घरच्या घरी एवढंच हातात आहे.

माझं विचाराल तर सेलपेक्षा कागद घ्यावा. पात्राचे मॉडेल शीट (पात्र कुठल्या बाजूनं कसं दिसतं याचा नमुना), मूळ पेन्सिल ड्रॉइंग, लेआउट (सीनमधे काय कुठे याचा आराखडा). सिरीयल घडली कशी ते कागदावर दिसतं आणि कागद टिकतोही जास्त. 1992 च्या बॅटमॅन सिरीयलची बॅकग्राउंड काळ्या कागदावर रंगवलेली होती, तो अंधार आला कुठून हे असलं एखादं चित्र बघितलं की लगेच कळतं. पण बाजार चालतो तो भिंतीवर काय चमकतं त्यावर, आणि सेलर मून किंवा ड्रॅगन बॉल झेडमधे चेहरा समोर आणि डोळे उघडे असले की भाव लगेच चढतो.

साधारण 2000 च्या आगेमागे सगळे कॉम्प्युटरवर रंगवायला लागले, एकटी साझाए-सान ही जपानी सिरीयल सप्टेंबर 2013 पर्यंत सेलवर टिकून होती. नवीन माल बंद, म्हणून जुन्याचे भाव वर. जपानमधे संस्थांनी उशिरा का होईना मनावर घेतलंय, निइगाता युनिव्हर्सिटीत अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनच्या आर्काइव्हचं सेंटर आहे, 2017 मधे अ‍ॅनिमे आणि तोकुसात्सुसाठी (स्पेशल इफेक्टवाले जपानी सिनेमे-सिरीयल) वेगळी ना-नफा संस्था निघाली. जुलै 2019 मधे जपानी स्टुडिओ क्योटो अ‍ॅनिमेशनला आग लावली गेली, 36 माणसं गेली आणि कागदावरचं बरंच कामही जळालं, सर्व्हरवरचा काही डेटा तेवढा वाचला. तेव्हापासून स्कॅनिंगचा विषय निघाला की आधी या आगीचं नाव निघतं. पण स्कॅन केलं तरी ते सगळ्यांना दाखवता येईलच असं नाही, कारण सेल तुमच्या घरात असला तरी चित्राचा कॉपीराइट हक्कदार कंपनीकडेच राहतो, आणि जुन्या सिरीयलचे हक्क तीन-चार जणांत वाटलेले असले की परवानगी मागायची कोणाकडे इथूनच गाडं अडतं.