डेव्हो म्हणजे कुंड्या घातलेला जोकर बँड? अजिबात नाही

डेव्हो या अमेरिकन रॉक बँडबद्दल एकच गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की डोक्यावर लाल कुंड्या घालून उड्या मारणारी ही पोरं, 'व्हिप इट' एवढं एक गाणं चाललं आणि कारभार आटोपला. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण सुरुवात कुठून झाली ते कुणी सांगतच नाही.

४ मे १९७० ला ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत युद्धविरोधी निदर्शनं चालू होती, नॅशनल गार्डने, म्हणजे तिथल्या राखीव सैन्याने, गोळ्या झाडल्या, ४ विद्यार्थी गेले, ९ जखमी, आणि पुढे डेव्हो काढणाऱ्यांतला एक, जेराल्ड कसाली, तिथेच होता, गेलेल्यांपैकी दोघं तर त्याच्या ओळखीचे. माणूस पुढे नाही, मागे चाललाय, म्हणजे डी-इव्होल्यूशन, हे आधी मित्रामित्रांत गमतीत चालायचं ते त्यानंतर गमतीचं राहिलं नाही. बँडचं नाव त्यातलंच. १९७८ चा पहिला अल्बम ब्रायन ईनो या नावाजलेल्या ब्रिटिश संगीतकाराने प्रोड्यूस केलाय, जोकरांचा असता तर तो कशाला आला असता?

'व्हिप इट' १९८० चं, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, १४ नंबरपर्यंत गेलं. 'व्हिप' म्हणजे चाबकाने मारणं, म्हणून लोक त्याचा चावट अर्थ काढतात, पण कसालीने त्यात 'लाग कामाला, जमेल तुला' छाप अमेरिकन उपदेशाची खिल्ली उडवलीय. आणि ती कुंडी नाहीच, एनर्जी डोम म्हणतात त्याला, जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिरांसारखा आकार.

संपले म्हणाल तर बँडचा गायक मार्क मदर्सबॉने पुढे 'रगरॅट्स' या कार्टून मालिकेपासून 'थॉर: रॅग्नारॉक' या सिनेमापर्यंत संगीत दिलं, तुम्ही ऐकलंही असेल.