बंदूकवाल्याचा रुंद कॅमेरा

जुन्या कॅमेऱ्यांच्या हौशी मंडळींत एफटी-२ विकायला निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅसेट आहेत का? हा सोव्हिएत पॅनोरामिक, म्हणजे रुंद दृश्य एकाच फोटोत टिपणारा, कॅमेरा चालतो साध्या ३५ मिमी फिल्मवर, पण दुकानात मिळणारा रोल त्यात जसाच्या तसा बसत नाही. त्याच्या स्वतःच्या खास कॅसेट लागतात. अंधारात बसून एकीत फिल्म भरायची, फोटो काढत जाऊ तशी ती दुसरीत गुंडाळली जाते. साठ वर्षांत या डब्या सगळ्यात आधी हरवल्या. त्या नसतील तर हातात उरतं ते एक जड, चौकोनी धातूचं खोकं.

हे खोकं ज्याच्या डोक्यातून निघालं तो मुळात कॅमेरेवाला नव्हताच. फ्योदोर टोकारेव हा शस्त्रं घडवणारा माणूस. टीटी पिस्तूल आणि एसव्हीटी-४० ही अर्धस्वयंचलित रायफल त्याचीच. कॅमेऱ्याच्या नावातला 'टी'सुद्धा त्याचाच. १९५८ ते १९६५ या काळात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात एफटी-२ तयार होत होता. स्प्रिंग ताणायची, खटका दाबायचा, आतला भाग गर्रकन फिरून थांबणार. पिस्तुलाच्या कारागिराला हे काम परकं वाटलं नसावं.

कल्पना मात्र टोकारेवची नव्हे, ती छायाचित्रणाइतकीच जुनी. रुंद दृश्य एका फोटोत आणायचं तर साध्या वाइड लेन्सने कोपरे ताणले जातात आणि काळवंडतात. त्यावर १८४५च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्सने तोडगा काढला: लेन्सच फिरवायची. लेन्सच्या मागे एक उभी अरुंद फट, आणि त्यामागे कमानीसारखी वाकवलेली डॅगेरोटाइपची, म्हणजे त्या काळी ज्यावर थेट फोटो उमटे ती पत्र्याची प्लेट. हँडल फिरवलं की लेन्स आणि फट मिळून दृश्य एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झाडून घेत. सुमारे १५० अंशांचा पट्टा मिळे. इथली मेख अशी की लेन्स नेमक्या एका बिंदूभोवती फिरली, तर ती फिरत असतानाही तिने पाडलेली प्रतिमा फिल्मवर जागची हलत नाही. म्हणून फोटो पुसट होत नाही. शिवाय दृश्याचा प्रत्येक तुकडा लेन्सच्या मध्यभागातून येतो, आणि तोच तिचा सगळ्यात चांगला भाग.

पत्रा वाकवण्यापेक्षा फिल्म वाकवणं सोपं. त्यामुळे रोल फिल्म आल्यावर हा प्रकार हौशी लोकांच्या हाती गेला. अमेरिकेत अल-व्हिस्टा आला, १८९९मध्ये कोडॅकचा पॅनोरॅम आला. १९०४मध्ये पेटंट मिळालेला सर्कट याहून वेगळा: त्यात लेन्स नव्हे, अख्खा कॅमेराच तिवईवर फिरायचा आणि फिल्म आत उलट दिशेने सरकायची. शाळांचे, पलटणींचे हातभर लांब फोटो त्याने निघत, आणि रांगेतला एखादा वात्रट मुलगा कॅमेरा फिरेपर्यंत मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभा राही!

एफटी-२ या वंशातला जरा आडदांड भाऊ. ५० मिमी लेन्स, प्रकाश आत येण्याचं छिद्र कायमचं एफ/५, फोकस करायची सोयच नाही. फ्रेम २४ × ११० मिमी, म्हणजे साध्या फोटोच्या तिप्पट लांब, आणि एका भरणीत असे बाराच फोटो. क्रास्नोगोर्स्कनेच १९६७मध्ये आणलेला होरिझाँट जास्त शहाणा निघाला. त्यात नेहमीचा रोल चालतो, २८ मिमीची लेन्स आहे, आणि व्ह्यूफाइंडरमध्येच पाणसळीचा बुडबुडा दिसतो. फिल्म ज्या कमानीवर वाकते तिची त्रिज्या लेन्सइतकीच, २८ मिमी. तो टिपतो तो १२० अंशांचा कंस मोजला तर साधारण ५८ मिमी भरतो, आणि फ्रेमची लांबी तीच आहे. सगळा कॅमेरा या एका हिशेबावर उभा आहे. त्याच सुमारास जपानच्या पॅनॉन कंपनीचा वाइडलक्सही याच तत्त्वावर चालत होता. अभिनेता जेफ ब्रिजेसने चित्रीकरणाच्या सेटवर वर्षानुवर्षं तोच वापरला.

ती पाणसळ शोभेची नाही. कॅमेरा जरा खाली झुकला की क्षितिज धनुष्यासारखं वाकतं. तो अगदी सपाट धरला तरी समोरची सरळ भिंत मध्ये फुगलेली दिसते, आणि धावणारं वाहन लेन्सच्याच दिशेने जात असेल तर लांबतं, उलट जात असेल तर आखडतं. बोटं मागे आवरून धरावी लागतात, नाहीतर फोटोच्या कडेला तीही हजर. खरा रोग मात्र बँडिंगचा: ग्रीस वाळलं की लेन्स बसवलेला ड्रम अडखळत फिरतो, आणि जिथे तो रेंगाळला तिथे आकाशात उभा फिकट पट्टा उमटतो. विकत घेणाऱ्याने बाहेरचे ओरखडे सोडून हे आधी पाहावं.

१९९८च्या हासेलब्लाड एक्सपॅनने हा सगळा खटाटोपच टाळला. फिरतं काही नाही, नेहमीच्या लेन्समागे २४ × ६५ मिमीची फ्रेम. कॅमेरा म्हणून तो सरस आहे, किंमतही तशीच, पण ड्रमची ती घरघर त्यात नाही, आणि माझ्यासारख्यांना नेमकी तीच हवी असते. एफटी-२ वाले तर अजून कॅसेटच शोधताहेत. काही जण आता त्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात.