पोहायचं की चिकटायचं?

मिठात जंतू जगत नाहीत, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याबद्दल शंकाच येत नाही. बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते खरंही आहे. बाहेर मीठ वाढलं की परासरणामुळे पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि पेशी आकसते. पण मृत समुद्राचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा सुमारे दहापट खारट असूनही त्यात सूक्ष्मजीव आहेत, हे बेंजामिन वोल्कानी यांनी १९३६ साली दाखवून दिलं. त्यांचंच नाव मिळालेला 'हॅलोफेरॅक्स वोल्कानी' हा जीव आज प्रयोगशाळांमध्ये मोठ्या आवडीने वाढवला जातो.

हा बॅक्टेरिया नव्हे, आर्किया. आकाराने आणि रूपाने बॅक्टेरियासारखा, पण त्याची वंशशाखा स्वतंत्र आहे. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ती १९७७ मध्ये वेगळी काढली. मीठप्रेमी आर्किया बाहेरच्या मिठाला तोंड देण्यासाठी पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात. त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभाराची अमिनो आम्लं दाटीने असतात, आणि ती प्रथिनं मिठातच नीट घडी घालून राहतात. यांच्यातल्या 'हॅलोबॅक्टेरियम'ला साध्या पाण्यात टाकलं तर त्याच्या पेशी फुटतात.

या जीवांची संख्या वाढली की पाणी लालसर दिसतं. तो रंग बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा असतो. अशा पाण्याला रक्त किंवा अपशकुन म्हणून भीती पसरवणाऱ्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. मिठाच्या स्फटिकातून पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा जंतू जिवंत बाहेर काढल्याची २००० साली गाजलेली बातमीही जपूनच वाचायला हवी. त्या जंतूची जनुकं आजच्या एका जातीशी इतकी जुळतात की त्याच्या वयाबद्दल लगेचच गंभीर आक्षेप घेतले गेले.

आता मुद्द्याकडे वळू. हे जीव पाण्यात नुसते तरंगत नाहीत. काच, प्लास्टिक अशा पृष्ठभागांवर चिकटून ते थर बांधतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा चिकट थर हीसुद्धा बायोफिल्मच. पण मिठाच्या पाण्यात चिकटण्याची रीत जरा निराळी असते. पेशी आणि काच दोन्हींवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात त्या एकमेकींना दुरूनच ढकलतात. खाऱ्या पाण्यात आयनांची इतकी गर्दी असते की हा प्रभार एका नॅनोमीटरच्या आतच झाकला जातो. ढकलणं संपलं, पण विरुद्ध प्रभारांच्या दुरून होणाऱ्या ओढीचा उपयोगही त्याबरोबरच संपला. म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श व्हायला हवा, आणि त्यासाठी पेशीकडे पिलस असतात.

पिलस हा पेशीबाहेर आलेला काही नॅनोमीटर जाडीचा तंतू. तो पिलिन नावाच्या प्रथिनाचे असंख्य रेणू रचून तयार होतो. वोल्कानीकडे चिकटण्याच्या कामी येणारी अशी सहा पिलिनं आहेत. प्रत्येकाला एक पाणी टाळणारा देठ असतो आणि त्याच्यापुढे डोकं. नवं पिलिन तयार झालं की देठ पेशीपटलात रुतवून ते तिथेच थांबतं. मग 'पिबडी' नावाचं विकर त्याची छोटी शेपटी कापतं, आणि एटीपी या पेशीतल्या इंधनावर चालणारं यंत्र कापलेली पिलिनं पटलातून उचलून एकावर एक चढवत जातं. देठ तंतूच्या गाभ्यात जातात, डोकी बाहेर राहतात. सहाही पिलिनांची डोकी वेगवेगळी आहेत, देठ मात्र अगदी एकसारखा आहे.

हे सहाही रेणू जनुकांसकट काढून टाकले, तेव्हा पेशी चिकटेनाशा झाल्या. ते अपेक्षितच होतं. पण त्यांचं पोहणंही मंदावलं! पोहण्यासाठी या पेशींकडे आर्किएलम हा वेगळा, फिरणारा तंतू असतो, त्यात ही पिलिनं नसतात. पुढे सहांपैकी कोणतंही एक पिलिन परत दिलं की पेशी पुन्हा पोहू लागल्या. एवढंच नव्हे, या परिणामासाठी डोक्याची गरजच नव्हती, नुसता देठ पुरला.

यावरून संशोधकांनी मांडलेला आराखडा मला विलक्षण सुंदर वाटतो. पटलात वाट पाहणारे देठ पोहण्याला ब्रेक लावणारा कुठलातरी घटक धरून ठेवतात. पेशी पृष्ठभागाला लागली की पिलस बांधण्यासाठी पिलिनं भराभर खर्च होतात, पटलातला साठा आटतो, धरून ठेवलेला तो घटक सुटतो, ब्रेक लागतो आणि पोहणं थांबतं. चिकटण्याचा कच्चा माल संपणं हाच पोहणं थांबवण्याचा निरोप. त्यासाठी वेगळा निरोप्या नेमावा लागत नाही.

पिलिनांच्या डोक्यांवर शर्करेच्या साखळ्या असतात. त्या जोडणारं विकर काढून टाकलं की पेशी लवकर एकमेकींना बिलगून छोट्या वसाहती करतात. म्हणजे साखळ्या पेशींना घोळके करण्यापासून काही काळ रोखतात. पुढे थर जाड होतो. त्यात बहुशर्करा असतात, अमायलॉइडसारखी, म्हणजे चिवट धाग्यांत गुंफली जाणारी प्रथिनं असतात आणि पेशींबाहेर पडलेला डीएनएही असतो. हा डीएनए चौकट म्हणून कामी येतो, आणि वोल्कानी तो खाऊही शकतो. त्यातला फॉस्फेट त्याला हवा असतो. एकमेकींना लागून बसलेल्या पेशींमध्ये जनुकांची देवाणघेवाणही चालते.

पण पेशींनी एकत्र येण्याचा पिलस हा एकमेव मार्ग नाही. वोल्कानीचं द्रावण पेट्री डिशमध्ये न हलवता ठेवलं की पेशी कशालाही न चिकटता द्रवातच एक थर धरतात. झाकण काढताच त्या थरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी झपाट्याने उमटते. पिलस बांधू न शकणाऱ्या पेशीही ही नक्षी काढतात, त्यामुळे तिचं यंत्र या साऱ्यापेक्षा वेगळं असलं पाहिजे.